मैदा अजिबात न घालता कणकेची बिस्किटे खुसखुशीत कशी करावीत?

कोथरूडवासी

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे संध्याकाळच्या चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत लागतेच. विकतच्या पुड्यांवरील घटकांची यादी वाचायची सवय लागल्यापासून बिस्किटे घरीच करावीत, आणि तीही मैद्याला हात न लावता करावीत, असे आम्ही ठरवले आहे. पुण्याच्या कॅम्पात गेल्यावर कयानी बेकरीसमोरच्या रांगेत उभे राहून श्रुजबेरी बिस्किटे आणणे त्यामुळे बंद होईल असे मात्र नाही. ते सुख वेगळे आणि रोजच्या डब्यातील बिस्कीट वेगळे.

अडचण अशी आहे की जवळजवळ सर्व छापील पाककृती मैद्याच्या आहेत. माझ्याकडील कृतीत २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर बेकिंग पावडर असे साधे प्रमाण आहे. मैद्याच्या जागी तेवढीच कणीक घेतली की पीठ कोरडे पडते आणि गोळा होत नाही, म्हणून दूध घालावे लागते. भाजून बाहेर काढल्यावर बिस्किटे बरी वाटतात, गार झाली की कडक होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वातडपणा येतो. शिवाय वरून चांगला तांबूस रंग आलेला असतानाही मधल्या भागाला कच्च्या कणकेची चव राहते.

कणीक घरच्याच गव्हाची असते. लोकवन गहू आणून गिरणीतून पोळ्यांसाठी दळून घेतो, त्यातलीच वापरते. ओव्हन म्हणजे २० लिटरचा ओटीजी आहे. मैद्याच्या कृतीचे कणकेसाठी रूपांतर करण्याचे काही निश्चित प्रमाण आहे का, लोणी वापरावे की तूप, साखरेऐवजी गूळ चालेल का, आणि गव्हाच्या जातीने खरोखरच फरक पडतो का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. घरी सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यामुळे त्या दृष्टीनेही कोणी लिहिले तर फार उपयोग होईल.

परात-चाळणी

आपल्या वर्णनातील सर्व दोषांचे मूळ त्या दुधात आहे, असे माझे मत आहे. कणीक कोरडी पडते म्हणून आपण दूध घालता; दुधातील पाणी मिळाले की गव्हातील प्रथिनांचे ग्लुटेन, म्हणजे चिवट जाळे, तयार होऊ लागते, गोळा होण्यासाठी आपण तो मळता आणि मळल्याने ते आणखी घट्ट होते. म्हणजे नकळत आपण गोड पोळीची कणीक भिजवून ती ओव्हनमध्ये वाळवता. अशी वस्तू गरम असताना मऊ आणि गार झाल्यावर वातड होणारच.

आता कणीक कोरडी का पडते ते पाहू. मैदा हा गव्हाच्या आतील पांढऱ्या भागाचा असतो आणि गिरण्यांमधील पोलादी रुळांवर तो टप्प्याटप्प्याने वेगळा काढतात. आपल्या चक्कीत मात्र संपूर्ण दाणा दोन दगडांमध्ये दाबून भरडला जातो, त्यामुळे कोंडा आणि अंकुर पिठात राहतातच, शिवाय स्टार्चचे कणही मोठ्या प्रमाणात फुटतात. फुटलेला स्टार्च अखंड स्टार्चपेक्षा कितीतरी अधिक पाणी धरतो. पोळी मऊ राहण्यासाठी हाच गुण आपल्याला हवा असतो, पण बिस्किटाच्या तो मुळावर येतो. कोंडाही पाणी पितो, पण सावकाश पितो. म्हणून उत्तर पाणी वाढवण्यात नाही. स्निग्धांश आधी पिठाच्या कणाकणाला लावून पाण्याची गरजच कमी करण्यात आहे. ज्याला आपण मोहन म्हणतो तेच हे, आणि शंकरपाळ्यांचे मोहन ज्यांना कळते त्यांना कणकेची बिस्किटे कळायला वेळ लागू नये.

मी वापरते ते प्रमाण असे: कणीक १५० ग्रॅम, तांदळाची पिठी ३० ग्रॅम, साजूक तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, पाव चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. वाटीने मोजू नये, कारण दाबून भरलेली वाटी आणि भुरभुरून भरलेली वाटी यांत सहज २० ते ३० ग्रॅमचा फरक पडतो आणि एवढ्या लहान प्रमाणात तो फार होतो. तांदळाच्या पिठीत ग्लुटेन नसते, त्यामुळे तिने खुसखुशीतपणा येतो. तिच्याऐवजी बेसन घेतले तर नानकटाईची चव येते. ज्यांना ती आवडते त्यांनी जरूर घ्यावे, पण वेलची आणि बेसन एकत्र आले की बिस्किटाऐवजी लाडू खाल्ल्यासारखे वाटते हे माझे वैयक्तिक मत नोंदवून ठेवते.

तूप पातळ नसावे आणि दगडासारखे घट्टही नसावे. पुण्यात थंडीत ते आपोआप रवाळ असते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र ओट्यावर ठेवलेले तूप वितळलेलेच सापडते, तेव्हा ते थोडा वेळ शीतकपाटात ठेवून थिजवून घ्यावे. परातीत तूप घेऊन तळहाताच्या टाचेने एकाच दिशेने फेसत जावे. सुरुवातीला रवे हाताला लागतात, मग ते विरघळून तूप काचेसारखे ओशट दिसू लागते, आणि नेमक्या याच वेळी अनेक जण थांबतात. तसे थांबू नये. आणखी काही मिनिटे फेसल्यावर त्याचा पिवळेपणा उतरून ते पांढुरके होते, परातीच्या कडेला चिकटलेले तूप बोटाने ओढले की त्याची टोके उभी राहतात आणि हाताला ते पूर्वीपेक्षा हलके लागते. आता पिठीसाखर घालून पुन्हा फेसावे. शेवटी कणीक, पिठी, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून घालावे आणि बोटांच्या टोकांनी केवळ कालवावे. मळू नये. मिश्रण मुठीत दाबल्यावर मुटका वळला आणि हलक्या दाबाने तो पुन्हा मोडला, तर मोहन बरोबर आहे. वळलाच नाही तर एक चहाचा चमचा थंड दूध शिंपडावे, फार तर दोन. त्यापुढे दुधाला हात लावू नये.

त्यानंतर मिश्रण झाकून अर्धा तास थंड जागी ठेवावे. कोंड्याला जो थोडा ओलावा मिळायचा तो या वेळेत मिळतो आणि खाताना दाताखाली येणारी कचकच कमी होते. साधारण १५ ग्रॅमचे गोळे करून ते सेंटिमीटरभर जाडीचे चपटे करावेत. वर दिलेल्या प्रमाणात सुमारे २४ बिस्किटे होतात.

चौकस

वरील प्रतिसाद उत्तम आहे. त्यास पूरक असा एक खुलासा आणि एक मतभेद नोंदवतो.

खुलासा लोणी व तूप यांच्याविषयी आहे. विकतच्या लोण्यात स्निग्धांश ८० टक्क्यांच्या आसपास आणि पाणी १६ टक्क्यांपर्यंत असते, तर तुपात पाणी जवळजवळ नसतेच. म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी १०० ग्रॅम तूप घातले की बिस्किटे पसरतात. सुमारे ८० ते ८५ ग्रॅम तूप पुरते. उलट, लोण्याची कृती जशीच्या तशी कणकेवर वापरली की त्या लोण्यातील पाणीच ग्लुटेन तयार होण्यास हातभार लावते. मूळ प्रश्नातील कृतीत लोणी आणि वरून दूध असे पाण्याचे दोन स्रोत आहेत, हे लक्षात घ्यावे. लाटून साच्याने कापायची बिस्किटे करायची असतील तर मात्र लोणी बरे पडते, कारण तुपाचे मिश्रण लाटताना कडांना भेगा पडतात.

जाता जाता आणखी एक गोष्ट. फेसलेल्या तुपाचा थेंब पाण्यात टाकून तो तरंगला की तूप तयार झाले, अशी एक परीक्षा आपल्याकडे मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. उडदाच्या वाटलेल्या डाळीसाठी ती योग्य आहे. तूप हे मुळातच पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे न फेसलेले तूपही तरंगते आणि ही परीक्षा प्रत्येक वेळी उत्तीर्णच होते.

मतभेद असा की तांदळाच्या पिठीऐवजी एकतृतीयांश कणीक कोरडी भाजून घेण्याची पद्धत मला अधिक पसंत आहे. मंद आचेवर, रंग फारसा न बदलता, केवळ खमंग वास येईपर्यंत कणीक भाजली की तिच्यातील प्रथिनांची ग्लुटेन तयार करण्याची क्षमता घटते आणि कच्च्या कणकेची जी चव आपल्याला खटकते ती मुळातूनच जाते. भाजलेली कणीक पूर्ण गार झाल्यावरच वापरावी, नाहीतर फेसलेले तूप क्षणात वितळेल. सर्वच कणीक भाजून घेण्याचा मोह मात्र टाळावा. मिश्रणाला धरून ठेवणारे काहीच उरत नाही आणि बिस्कीट उचलताच त्याचा चुरा होतो.

जात्यावरची

गव्हाच्या जातीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. फरक पडतो, आणि बराच पडतो.

पुण्याच्या घरांमध्ये प्रामुख्याने लोकवन आणि सिहोर हे गहू येतात. दोन्ही पोळीचे गहू आहेत आणि चांगल्या पोळीसाठी कणकेला जो ताण हवा असतो तो त्यांत आहे. जगभर बिस्किटांसाठी मऊ दाण्याचा, कमी प्रथिनांचा गहू वापरतात. आपल्याकडे पिकणारा बहुतेक गहू मात्र कठीण दाण्याचा आणि पोळीच्या उपयोगाचा असतो. त्यामुळे आपण मुळातच थोडे प्रवाहाविरुद्ध पोहत आहोत, हे मान्य करून पुढे जावे. बन्सीसारखा रव्या-शेवयांचा गहू तर बिस्किटांसाठी घेऊच नये. त्याचा दाणा इतका कठीण असतो की चक्कीत स्टार्च अधिकच फुटतो आणि पीठ आणखी पाणी मागते.

खपली गव्हाचा मात्र अवश्य विचार करावा. सांगली-सातारा पट्ट्यात आणि उत्तर कर्नाटकात तो पूर्वीपासून पिकतो आणि त्याची खीर आपल्याला ठाऊक आहे. खपलीच्या ग्लुटेनला ताण कमी असतो, म्हणून तिची पोळी लाटताना तुटते अशी तक्रार ऐकू येते. पोळीतील हाच दोष बिस्किटात गुण ठरतो. खपलीची बिस्किटे ठिसूळ होतात, त्यांचा रंग किंचित लालसर येतो आणि चव अधिक खमंग लागते. या गव्हावर पुण्यातच काम झाले आहे, हे अनेकांना माहीत नसते. १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने स्थापन झालेल्या आणि आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने गव्हाच्या अनेक जाती विकसित केल्या असून त्यांत एमएसीएस २९७१ ही खपलीची बुटकी जातही आहे. पारंपरिक खपलीचे पीक उंच वाढून आडवे पडते. ही बुटकी जात त्यामुळे शेतकऱ्यांच्या सोयीची ठरते.

खपली महाग असल्यामुळे केवळ बिस्किटांसाठी किलोभर आणली तरी पुरे, आणि निम्मी खपली व निम्मे लोकवन असे मिश्रणही चांगले होते. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. खपलीत ग्लुटेनचा ताण कमी असतो, याचा अर्थ ग्लुटेन नसते असा मुळीच नाही. ज्यांना सीलिअॅक विकार आहे, म्हणजे ग्लुटेन मुळीच सोसत नाही, त्यांनी ती खाऊ नये. बाजारात याबाबत बरेच सैल बोलले जाते.

दळणाविषयीही थोडे सांगते. पोळीच्या दळणापेक्षा बिस्किटांचे पीठ एक पायरी बारीक असावे, म्हणून गिरणीत तसे स्पष्ट सांगावे. घरघंटी असेल तर बारीक जाळी लावावी. दळून आणलेले पीठ गरम असते, तेव्हा डब्याचे झाकण लगेच लावू नये. मैद्याच्या चाळणीने चाळून वर राहणारा जाडसर कोंडा बाजूला काढला तरी चालतो. त्याने बिस्कीट मैद्याचे होत नाही, आणि तो कोंडा थालीपिठाच्या पिठात खपतो. अंकुरातील तेलामुळे कणीक मैद्यापेक्षा लवकर खवट होते आणि पोळीत न जाणवणारा खवटपणा बिस्किटात ठळकपणे जाणवतो. उन्हाळ्यात महिन्याभरापूर्वीचे पीठ बिस्किटांसाठी घेऊ नये.

कोथरूडवासी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दूध आणि लोण्यातील पाणी यांचा संबंध आता नीट ध्यानात आला. चौकस यांच्या पद्धतीने थोडी कणीक भाजून आणि परात-चाळणी यांच्या प्रमाणाने करून पाहणार आहे. तांदळाची पिठी घालावी की नाही याचा निर्णय डब्यातील पिठी पाहून घेईन. गूळ आणि मधुमेह हे प्रश्न मात्र अजून शिल्लक आहेत. माझ्या ओटीजीत बिस्किटांचे तळ करपतात आणि वरचा भाग फिका राहतो, कधी याच्या उलट होते. त्यावरही कोणी उपाय सुचवावा.

मोजूनमापून

आहारशास्त्र हा माझ्या शिक्षणाचा विषय असल्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. कोणाच्याही उत्साहावर विरजण घालण्याचा हेतू नाही.

वर दिलेल्या प्रमाणाचा हिशेब करून पाहा. १०० ग्रॅम तुपाच्या सुमारे ९०० किलोकॅलरी, १८० ग्रॅम पिठाच्या सुमारे ६२० आणि ८० ग्रॅम साखरेच्या सुमारे ३२० अशी बेरीज १८४० च्या घरात जाते. २४ बिस्किटे धरली तर एका बिस्किटाला ७५ ते ८० किलोकॅलरी पडतात आणि त्यातील निम्म्या केवळ तुपाच्या असतात. कणकेऐवजी मैदा घेतला असता तरी हा आकडा जवळजवळ तोच राहिला असता. कणकेमुळे तंतुमय पदार्थ वाढतात हे खरे. पण १५० ग्रॅम कणकेतील सारा तंतू २४ बिस्किटांत विभागला की प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण ग्रॅमहून कमी येतो. एका पोळीतून याहून अधिक मिळतो. तेव्हा कणकेची बिस्किटे चवीसाठी, ताज्या तुपासाठी आणि आपण काय खातो ते माहीत असावे यासाठी करावीत. पौष्टिक म्हणून दुप्पट खाऊ नयेत.

गुळाबाबतही तेच. गुळात थोडी खनिजे असतात, परंतु त्याचा मुख्य घटक साखरच आहे आणि रक्तातील साखर वाढवण्याच्या बाबतीत तो साखरेपेक्षा फारसा वेगळा नाही. मधुमेही व्यक्तीने गुळाची बिस्किटे निर्धास्तपणे खाणे हा मोठा गैरसमज आहे. चवीसाठी गूळ घालायचा असेल तर तो किसून, वाळवून, चाळून घ्यावा किंवा गुळाची पावडर आणावी. गूळ हवेतील ओलावा ओढतो, त्यामुळे बिस्कीट कुरकुरीत होण्याऐवजी किंचित मऊ राहते, आणि तो लवकर करपतो, म्हणून आच १० अंशांनी कमी ठेवावी. गुळात थोडी आम्लता असते, त्यामुळे तेथे बेकिंग पावडरऐवजी चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो. साखरेच्या मिश्रणात मात्र सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव मागे राहते.

साखर निम्मी करावी असा विचार मनात येईल, पण तोही जपून करावा. साखर केवळ गोडीसाठी नसते. ती ओलावा स्वतःकडे ओढून ग्लुटेनला अडवते आणि गार झाल्यावर बिस्किटाला कुरकुरीतपणा देते. ८० ग्रॅमची ६० करता येते, त्याखाली गेल्यास पुन्हा कडकपणा येतो. सासऱ्यांसाठी माझी सूचना अशी की गोड बिस्किटाचा हट्टच सोडावा आणि जिरे-ओव्याची खारी बिस्किटे करावीत. त्याच १८० ग्रॅम पिठाला ८० ग्रॅम तूप, १५ ग्रॅम साखर, पाऊण चहाचा चमचा मीठ, भरडलेले जिरे, चिमूटभर ओवा, दोन मोठे चमचे घट्ट दही आणि चिमूटभर सोडा घ्यावा. दह्याच्या आंबटपणाने सोडा काम करतो. अर्थात तूप आणि पीठ त्यातही आहेच, म्हणून चहाबरोबर एक किंवा दोन, आणि त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आहारात ती कशी बसतात ते पाहूनच.

मधली जाळी

ओटीजीविषयी. २० लिटरच्या ओव्हनमध्ये वरचा आणि खालचा असे दोन्ही दांडे ट्रेच्या फार जवळ येतात, त्यामुळे आपण सांगता तसे होणे स्वाभाविक आहे. जाळी मधल्या खाचेत असावी, दोन्ही दांडे चालू असावेत आणि ओव्हन किमान १० ते १५ मिनिटे आधी तापवलेला असावा. तळ करपत असतील तर ट्रेखाली तसाच दुसरा रिकामा ट्रे ठेवावा. मधल्या हवेमुळे खालची धग थेट लागत नाही. काळा ट्रे चकचकीत ट्रेपेक्षा अधिक उष्णता घेतो, हेही लक्षात असू द्यावे.

लहान ओव्हनच्या बटणावरील आकडा आणि आतील प्रत्यक्ष तापमान यांत १० ते २० अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक रविवार पेठेत बोहरी आळीत, केकचे साहित्य मिळणाऱ्या दुकानांत मिळतो. तो एकदा घेतला की निम्मे अंदाज संपतात. कणकेच्या बिस्किटांसाठी मी १८० ऐवजी १६० अंश ठेवते आणि २० ते २२ मिनिटे भाजते. मध्यभाग कच्चा राहण्याचे कारण बहुधा जास्त आच हेच असते, कारण कडा आधी भाजून आपल्याला फसवतात.

येथे कणीक आणखी एका प्रकारे फसवते. मैद्याचे बिस्कीट पांढऱ्याचे सोनेरी होते आणि ते डोळ्यांना सहज कळते. कणकेचे बिस्कीट मुळातच तपकिरी असल्यामुळे वरचा रंग पाहून काहीही ठरवता येत नाही. १८ व्या मिनिटाला एक बिस्कीट पलित्याने अलगद उलटून त्याचा तळ पाहावा. तळ सर्वत्र सारखा, वरच्या बाजूपेक्षा एक छटा गडद दिसला की झाले. मध्ये फिकट, ओलसर गोल दिसत असेल तर आणखी दोन-तीन मिनिटे द्यावीत. नंतर ओव्हन बंद करून दार थोडे उघडे ठेवावे आणि पाच मिनिटे बिस्किटे आतच राहू द्यावीत, म्हणजे उरलेला ओलावा निघून जातो. गरम बिस्कीट मऊ असणारच. ते दाबून पाहून पुन्हा भाजायला ठेवण्याची घाई करू नये. ट्रेमध्ये थोडी घट्ट झाल्यावरच जाळीवर काढावीत.

पावसाळ्यात बिस्किटे सादळतात. ती टाकून देऊ नयेत किंवा सूर्यप्रकाशाची वाटही पाहू नये. १५० अंशांवर पाच-सात मिनिटे ठेवून पूर्ण गार केली की पूर्ववत होतात. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन, वर स्टँड आणि ताटली ठेवून, झाकण लावून मंद आचेवर भाजावीत. एका वेळी सात-आठच होतात आणि वेळ जास्त लागतो, पण चांगली होतात.

कोथरूडवासी

खूपच उपयुक्त माहिती मिळाली. खारी बिस्किटांची कल्पना तर सासऱ्यांनाच फार आवडली. शेवटचा एक प्रश्न विचारते. दिवाळीत नातेवाइकांना देण्यासाठी चार-पाच किलो करायची आहेत. पूर्वी पेठांमधून घरचे तूप-साखर-पीठ बेकरीत देऊन पत्र्याच्या डब्यांतून नानकटाई भाजून आणत असत. कणकेची बिस्किटे अशी भट्टीतून करून घेता येतील का?

परात-चाळणी

करून घेता येतात. अजूनही काही बेकऱ्या किलोमागे मजुरी घेऊन हे काम करतात, मात्र दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्याकडे इतकी गर्दी असते की कणकेसाठी वेगळे लक्ष देणे त्यांना शक्य होत नाही. निदान दोन आठवडे आधी जावे. ओलावा पूर्ण जाईपर्यंत भाजून नीट गार केली, तर एवढे दिवस ही बिस्किटे हवाबंद डब्यात उत्तम टिकतात.

तेथे गेल्यावर दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्यात. पहिली, कारागिराचा हात मैद्याच्या नानकटाईवर बसलेला असतो. कणीक पाहिली की तो सवयीने पाणी किंवा जास्तीचा सोडा घालतो. म्हणून तूप-साखर त्यांच्या यंत्रात फेसून घ्यावी, पण पीठ घालताना समोर उभे राहावे आणि पीठ एकत्र झाले की यंत्र लगेच थांबवायला सांगावे. तूप आपलेच वापरले जाते आहे हेही त्यामुळे दिसते. दुसरी, भट्टीची आच घरच्या ओव्हनपेक्षा बरीच जास्त असते. त्यांचे पाव-खारीचे घाणे निघून गेल्यावर भट्टी उतरणीला लागते, त्या वेळी आपले ट्रे आत घालायला सांगावेत. सकाळी आठ-नऊला जाण्यापेक्षा दुपारी जाणे त्यासाठी सोयीचे. पहिला ट्रे निघाल्यावर एक बिस्कीट मोडून मध्यभाग पाहावा आणि मगच पुढचे ट्रे लावू द्यावेत. डब्यात तळाशी आणि प्रत्येक थरामध्ये कागद घालावा. बिस्किटे कोमट असतानाच भरावी लागली तर झाकण न लावता डबा वरून पातळ कापड बांधून घरी आणावा आणि रात्रीपर्यंत तसाच ठेवावा, नाहीतर आतल्या वाफेने सगळी मेहनत सादळून जाते.